'उत्तरार्ध' म्हणजे सिक्वेल नव्हे

एका वाचकाने विचारले आहे : "'सिक्वेल'ला मराठीत 'उत्तरार्ध' म्हणावे की 'पुढचा भाग'? आणि 'झपाटलेला २' हा मूळ 'झपाटलेला'च्या तोडीचा नव्हता, असे सांगायचे असेल, तर अशा चित्रपटासाठी आपल्याकडे एखादा नेमका शब्द आहे का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते : 'पुढचा भाग' खुशाल म्हणावे, 'उत्तरार्ध' मात्र म्हणू नये. परवा एका वृत्तपत्रातल्या चित्रपटपरीक्षणात 'या उत्तरार्धाचा उत्तरार्ध फसला आहे' असे वाक्य माझ्या वाचनात आले आणि चहाचा कप खाली ठेवून मला ते पुन्हा वाचावे लागले. दुसऱ्या चित्रपटाचा मध्यंतरानंतरचा भाग जमलेला नाही, एवढेच लेखकाला म्हणायचे होते. श्लोकाला उत्तरार्ध असतो, आयुष्याला असतो, मध्यंतराने दुभागलेल्या चित्रपटालाही असतो, कारण या सर्व ठिकाणी दोन अर्धे मिळून एक वस्तू पुरी होते. १९९३ साली 'झपाटलेला' पाहून जे प्रेक्षक घरी गेले, ते अर्धाच चित्रपट पाहून गेले आणि उरलेला अर्धा २०१३ साली थ्री-डी चष्मा लावून पाहायला आले, असे कोणाचे म्हणणे आहे काय?

'बाहुबली'ची गोष्ट निराळी आहे. २०१५ सालचा पहिला चित्रपट कटप्पाने बाहुबलीला मारले एवढे सांगून थांबला आणि का मारले हे कळण्यासाठी प्रेक्षकांना २०१७ पर्यंत ताटकळावे लागले. ती दोन वर्षे म्हणजे एक लांबलेले मध्यंतरच होते, त्यामुळे तेथे 'उत्तरार्ध' हा शब्द चपखल बसतो. बाणभट्टाची 'कादंबरी', जिच्या नावावरून आपण या साऱ्या वाङ्मयप्रकारालाच कादंबरी म्हणू लागलो, तीही अशीच अर्ध्यावर राहिली होती. बाणाच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने उत्तरभाग लिहून ती पुरी केली आणि आपण हे कवित्वाच्या गर्वाने केलेले नसून अपुऱ्या कथेमुळे सज्जनांना झालेले दुःख पाहून केले आहे, असे आरंभीच सांगून टाकले. 'प्रेक्षकांच्या आग्रहास्तव' या आजच्या निर्मात्यांच्या लाडक्या सबबीचा हा मूळ पुरुष म्हणावा लागेल. फरक इतकाच की त्याच्या हातात आलेली गोष्ट खरोखरच अपुरी होती.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 'उत्तर' म्हणजे जबाब आणि 'उत्तर' म्हणजे दिशा हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांत वेळ घालवत नाही. या शब्दाची घडण मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते. 'उद्' म्हणजे वर : उद्गम, उत्थान, उड्डाण या सर्वांत तो आहे. त्याला दोन वस्तूंची तुलना दाखवणारा 'तर' लागला, लघुतर आणि गुरुतर यांत लागतो तोच, की 'उत्तर' तयार होतो. अर्थात उत्तर म्हणजे 'त्याहून वरचा'. अंगावर वरून घ्यायचे वस्त्र ते उत्तरीय. ते नेसूच्या वस्त्रानंतर घेतले जाते म्हणून नव्हे, तर वर असते म्हणून. अमरकोशाने उत्तर शब्दाचे अर्थ देताना वरचा, उत्तरेकडचा आणि श्रेष्ठ असे तिन्ही दिले आहेत. वादात समोरच्याचा पूर्वपक्ष मांडून त्याच्यावर मात करणारा तो उत्तरपक्ष, हेही याच घरातले. पुढे जाऊन 'उद्'ला 'तर'ऐवजी 'तम' लावला की 'उत्तम' होतो, म्हणजे सर्वांत वरचा. या हिशेबाने कोणत्याही चित्रपटाचा दुसरा भाग 'उत्तर' ठरला, तर तिसरा 'उत्तम' ठरायला हवा. १९९० साली 'गॉडफादर'चा तिसरा भाग पाहून बाहेर पडलेल्या रसिकांना हे व्याकरण पटवून देण्याची जबाबदारी मी घेत नाही.

इंग्रजी 'सिक्वेल'ची महत्त्वाकांक्षा याहून पुष्कळ बेताची आहे. त्याच्या मुळाशी लॅटिन 'सेक्वी', म्हणजे मागोमाग जाणे, हे क्रियापद आहे, आणि संस्कृतातला 'सच्' हा धातू त्याचा सख्खा भाऊ आहे. त्या 'सच्'पासून सचिव आला : राजाच्या मागोमाग असणारा, त्याला सोबत करणारा. सिक्वेल हा अशा रीतीने मूळ चित्रपटाचा सचिव आहे. कागद सांभाळून मागे उभे राहणे एवढेच त्याचे काम. (सचिन पिळगांवकरांनी २००४च्या 'नवरा माझा नवसाचा'चा दुसरा भाग २०२४ साली काढला, तेव्हा 'सचिन'सुद्धा याच धातूचा, असे एका गृहस्थांनी मला मोठ्या उत्साहाने सांगितले. ते खरे नाही. हे नाव बंगालीतल्या 'शचीन'वरून आले आहे, आणि शचीचा स्वामी तो शचीन, म्हणजे इंद्र.) इंग्रजी शब्द मागून येण्याचे वचन देतो आणि आपला शब्द वर चढण्याचे देतो, हा फरक ज्याने एकदा पाहिला, त्याला 'उत्तर' हे विशेषण कोणत्याही पुढच्या भागाला फुकटात लावावेसे वाटणार नाही.

हे वचन पाळलेले आपल्याकडचे उदाहरण तेराशे वर्षांमागचे आहे. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने आधी 'महावीरचरित' लिहून रामाला राज्याभिषेकापर्यंत आणले आणि मग 'उत्तररामचरित' लिहिले. 'उत्तरे रामचरिते भवभूतिर्विशिष्यते' असा रसिकांचा निवाडा आहे, आणि त्यातल्या 'उत्तरे'मध्ये नंतरचा आणि वरचा हे दोन्ही अर्थ मला ऐकू येतात. नाटकाचा पहिला अंक उघडतो तो चित्रदर्शनाने. वनवासाच्या आठवणी भिंतीवर रंगवलेल्या आहेत आणि लक्ष्मण त्या एकेक करून राम-सीतेला दाखवतो आहे : आधीच्या भागात काय घडले याची उजळणी आजच्या पडद्यावर जशी दोन मिनिटांत उरकतात, तशीच ही. पण भवभूती ती उरकत नाही. लक्ष्मण चित्रांतल्या वधू दाखवताना ऊर्मिलेचे नाव गाळतो, तेव्हा सीता मुद्दाम विचारते की ही आणखी एक कोण बरे, आणि तो लाजून चित्र बदलतो. पुढे शूर्पणखा दिसताच सीता दचकते आणि राम तिला सांगतो, 'अगं, वियोगाला घाबरणारे, हे चित्र आहे.' खरा वियोग त्याच अंकाच्या शेवटी येणार आहे. मागची गोष्ट नुसती आठवून न देता तिलाच नव्या दुःखाची पायरी करणे, याला मी 'उद्' म्हणतो.

पडद्यावर हे क्वचितच साधते. १९७४ सालच्या 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागाने मायकेलची कथा पुढे नेली आणि त्याच वेळी त्याच्या वडिलांचे तरुणपण मागे जाऊन उलगडले, त्यामुळे १९७२चा पहिला चित्रपट पुन्हा पाहताना वेगळा दिसू लागला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा तो पहिला सिक्वेल ठरला. 'मुंबई-पुणे-मुंबई'चे मात्र उलटे झाले, असे माझे मत आहे. २०१० सालच्या पहिल्या चित्रपटात त्या दोघांना नावेच नव्हती आणि सगळी गंमत त्या अनोळखीपणात होती. २०१५ साली त्यांना नावे मिळाली, नातेवाईक मिळाले, लग्नही ठरले, आणि दोन माणसांच्या गप्पांचे रूपांतर कार्यालयातल्या पंगतीत झाले. पंगत छान होती, पण तो पुढचा भाग होता; वरचा नव्हता.

माझ्या या म्हणण्यावर काही भाषाभ्यासक नाक मुरडतात. शब्दाचा आजचा अर्थ वापरावरून ठरतो, व्युत्पत्तीवरून नव्हे, आणि मराठीत 'उत्तर'चा अर्थ 'नंतरचा' असाच रूढ आहे, हा त्यांचा मुद्दा. रूढी मलाही कळते. पण 'चित्रपटमालिकेचा दर्जा उत्तरोत्तर घसरत गेला' हे वाक्य जेव्हा हेच अभ्यासक लिहितात, तेव्हा वर वर चढत खाली कोसळण्याची ती कसरत त्यांच्या कानाला खटकत कशी नाही, हे मला न उलगडलेले कोडे आहे. 'उत्तरोत्तर प्रगती होवो' असा आशीर्वाद प्रत्येक लग्नात दिला जातो. 'उत्तरोत्तर अधोगती होवो' असा शाप मी अजून ऐकलेला नाही. आणि 'उत्तर' म्हणजे केवळ 'नंतरचा' असेल, तर 'अनुत्तर' म्हणजे ज्याच्या वर काही नाही असा, सर्वश्रेष्ठ, हा अमरकोशातला अर्थ कोठून आला, याचा जबाब त्यांनी एकदा द्यावा. १९७५ सालच्या 'शोले'च्या नकला झाल्या, पुनर्निर्मिती झाली, पण त्याच्या कर्त्यांनी दुसरा भाग काढला नाही. म्हणून तो दोन्ही अर्थांनी अनुत्तर आहे.

त्याच अभ्यासकांनी माझ्याविरुद्ध 'उत्तरक्रिया' आणि 'उत्तरपूजा' हे दोन शब्द पुढे केले होते, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, कारण वाचकाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच सापडले. जे पुढचे भाग मूळ चित्रपटाची उरलीसुरली आठवणही मातीत घालतात, त्यांच्यासाठी 'उत्तरक्रिया' या शब्दाला तोड नाही. 'झपाटलेला २'ला मात्र मी तो लावणार नाही. लक्ष्मीकांत बेर्डे नसताना, त्याच दिग्दर्शकाने वीस वर्षांनी त्याच बाहुल्याला पुन्हा चौरंगावर बसवले, त्यात भीती नव्हती, पण भक्तिभाव होता. ती उत्तरपूजा होती : अक्षता टाकायच्या, मूर्ती जागची किंचित हलवायची, हातावर दही ठेवायचे आणि शेवटी 'पुनरागमनाय च' म्हणायचे.