काजवे बघायचेत, पण डासांचं काय?

प्रश्न : ताई, जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणार आहोत. एक रात्र तंबूत मुक्काम आहे. मुलगी सहा वर्षांची. तिला डास चावले की अंगावर रुपयाएवढ्या गांधी उठतात. मागच्या वर्षी पवनेच्या काठावर ती रात्रभर खाजवत बसली होती. सासूबाई म्हणतात, कडुनिंबाचा धूर करा. यांनी डास मारायचा स्प्रे आणि मनगटात घालायचे पट्टे मागवलेत. नेमकं काय करावं?
– एक आई, ठाणे

उत्तर : जरूर जा, फक्त तो स्प्रे घरी ठेवून जा. काजवा हाही कीटकच, भुंगेऱ्यांच्या जातीतला. डासावर फवारलेलं औषध त्यालाही मारतं. तिथले हिरडे, बेहडे, जांभळी, सादडे ज्यांच्यामुळे उजळतात, त्यांच्यावरच आपण विष मारायचं, हे मला अजिबात पटत नाही. धुराचंही तेच. सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, धुरात बसलं तर डास थोडे कमी येतात. पण पोरं खोकतात आणि काजव्यांच्या झाडाखाली धूर करणं योग्य नाही. तंबूत कॉइल तर मुळीच लावू नका. कोंडलेला धूर छातीत जातो आणि नायलॉनला आग लागायला ठिणगी पुरते. मनगटातल्या पट्ट्यांनी फार तर मनगट वाचेल.

माझा भर जागेवर असतो. वळवाचा पाऊस पडून गेला की साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा नवी पिढी तयारच असणार. बुकिंग करतानाच विचारा : तंबू पाण्यापासून किती लांब आहे? गोठा जवळ आहे का? जागा आम्हाला निवडता येईल का? उजेड असताना पोहोचा आणि तंबूभोवती एक फेरी मारा. उघडं पिंप, टाकलेले प्लास्टिकचे ग्लास, जुना टायर, त्यात पाणी असेल तर ओतून टाका किंवा दुसरा तंबू मागा. झाडीत दडलेल्या जागेपेक्षा वारा लागणारी उंचवट्यावरची जागा घ्या. वाऱ्यात डासाला धड उडता येत नाही. तो आपल्या श्वासाच्या मागावर येतो, त्यामुळे वाऱ्याच्या आडोशाला हमखास घोंगावतो. पावसाचं चिन्ह नसेल तर तंबूचं दार वाऱ्याकडे करा.

दिवस मावळायच्या आत मुलीला पूर्ण बाह्यांचा सैल, फिकट रंगाचा सुती सदरा आणि सैल पँट घाला, पँटचे पाय मोज्यांत खोचा. अंगाला चिकटलेल्या लेगिंगमधून डास सहज सोंड खुपसतो. उघड्या राहिलेल्या जागी डासांचं क्रीम लावा. ओडोमॉस चालेल, डीट किंवा पिकारिडिन असलेलं दुसरं काही मिळालं तर तेही चालेल. डब्यावर वय लिहिलेलं असतं, ते वाचा. क्रीम आधी तुमच्या तळहातावर घ्या आणि मग तिच्या मानेला, कानामागे, घोट्यांना चोळा. तिच्या तळहातांना लावू नका, लहान मुलांचे हात डोळ्यांत आणि तोंडात जातातच. घाम आला की पुन्हा लावावं लागतं. आणि क्रीमच्या हाताने काजवा पकडू देऊ नका. खरं तर पकडूच देऊ नका.

टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद बांधा. काजव्यांची नर-मादी लुकलुकूनच एकमेकांना शोधतात, पांढऱ्या झोतात त्यांची गाठ पडत नाही. शिवाय लाल उजेडावर इतर किडेही कमी येतात.

आता झोपायचं. बहुतेक डास आपण आत-बाहेर करतो तेव्हाच शिरतात. म्हणून पाणी, चपला, लघवी सगळं आधी उरकून एकदाच आत जा, चेन लावा आणि मग टॉर्च फिरवून आत आलेले डास हाताने टिपा. दोन चेनी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात बोटभर फट राहते. तिथे एक मोजा कोंबा. जाळीला टेकलेल्या कोपराला डास बाहेरून चावतो, तेव्हा मुलीला मधोमध झोपवा आणि कडेने सॅक लावा. सकाळीही बाह्या वर करू नका, डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

इतकं करूनही एखादा चावेलच. नखं आधी कापून ठेवा, चावलं की गार पाण्याने धुवा आणि कॅलामाइन लावा. तिच्या गांधी मोठ्या उठतात म्हणून निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारून ॲलर्जीचं औषध जवळ ठेवा. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : तिलारीच्या जंगलात मुक्काम करून आलो. घरी आंघोळीच्या वेळी मांडीला गोचीड दिसली. उदबत्तीचा चटका दिल्यावर सुटली. हे बरोबर केलं ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पुन्हा असं करू नका. चटका, रॉकेल, तेल यांनी गोचीड बिथरते आणि तिच्या पोटातलं जखमेत येण्याचा धोका वाढतो. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीलगत धरायचं आणि न पिळता सरळ वर ओढायचं. मग साबणाने धुवायचं.

तुम्ही गेलात तो दोडामार्गचा भाग माकडतापाचा आहे. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा आजार गोचिडीतून येतो आणि डिसेंबर ते मे या काळात त्याचा जोर असतो. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, डोकं-अंग ठणकलं किंवा अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी जंगलात राहून आलोय आणि मला गोचीड चावली होती. काळी खपली स्क्रब टायफसची, म्हणजे झुडपांतल्या गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून येणाऱ्या तापाची खूण असते. त्यावर औषध आहे, पण ते लवकर सुरू व्हायला हवं. पुढच्या वेळी गवतावर नुसती चादर टाकून लोळू नका, कपडे झुडपांवर वाळत घालू नका आणि परतल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची घडी आणि केसांची मुळं एकमेकांकडून तपासून घ्या.