सूतक, सुपाऱ्या आणि तबला

तुझे वडील जाऊन आठवडाच झालाय आणि चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आहे; सुपाऱ्यांचं, तबल्याचं, अर्ध्या राहिलेल्या रचनेचं काय करू, असं तू विचारतोस. सूतकात तबलासाथीसाठी घेतलेल्या आरत्या-भजनांच्या सुपाऱ्या दुसऱ्या तबलजीला दे. पण मंडळाला फोन तूच कर, आजच. बदली वादकाला गायकाची पट्टी (तो गातो तो सूर), गजरांचा (भजनातल्या नामघोषांचा) क्रम आणि ठरलेलं मानधन लिहून पाठव. घेतलेली आगाऊ रक्कम त्याच्याकडे वळव, नाहीतर पुढच्या जत्रेला तुला कोणी विचारणार नाही.

पैशांसाठी तबला मात्र विकू नकोस. कार्तिकापासून शिमग्यापर्यंत जत्रा, नाटकं असतात. पावसात श्रावणातले भजनी सप्ताह आणि चवथ सोडली तर हात रिकामाच. म्हणून हंगामातल्या प्रत्येक बिदागीचा चौथा हिस्सा बाजूला काढ.

आपल्या दमट हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैलावते, सूर उतरतो. लगेच गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून वादी (चामड्याची पट्टी) ताणू नकोस. हवा कोरडी झाली की कातडं आवळतं आणि पुडी फाटते. आधी 60 वॅटच्या बल्बखाली हातभर अंतरावर दहा मिनिटं ठेव. चुलीजवळ नकोच, शाई (पुडीवरचा काळा गोल थर) तडकते.

तबल्याचा नवा कायदा (बोलांची बांधलेली रचना) आत्ताच पुरा करायचा हट्ट धरू नकोस, बाबा. सुचलेला पलटा (त्याच बोलांची फिरवलेली मांडणी) तोंडाने म्हणून मोबाइलवर ठेव, आधी ताल आणि लय सांगून. नाहीतर महिन्याने ऐकताना सम (तालाची पहिली मात्रा) कुठे होती तेच कळत नाही.