रीमॅप केलेल्या लॉरा टीडीआयचा ईजीआर ब्लॉक केला तर पॉवर वाढते का?

तुमचा प्रश्न: स्कोडा लॉरा २.० टीडीआय कॉमन रेल (डिझेल), स्टेज १ रीमॅप (पॉवरसाठी इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं) झालेली. ट्यूनर म्हणतो ईजीआरला प्लेट मारा (म्हणजे त्याचा रस्ता पत्र्याने बंद करा), दहा एचपी वाढतील आणि मायलेजही सुधारेल. खरं का?

दहा सोडा, एकही वाढत नाही. ही थाप ऐकून ऐकून कान किटले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ईजीआर म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी एक्झॉस्टचा थोडा धूर व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये सोडणारी व्यवस्था. तो चालतो आयडलला आणि अर्ध्या-मुर्ध्या पेडलवर. पेडल पूर्ण दाबलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच व्हॉल्व्ह बंद करतो, कारण तेव्हा सिलिंडरला मिळेल तेवढा ऑक्सिजन हवा असतो. डायनोवरचा (पॉवर मोजायच्या यंत्रावरचा) पॉवर रन फुल थ्रॉटलवरच होतो. म्हणजे आधीच बंद असलेल्या दाराला तुम्ही कुलूप लावलंत. आकडा वाढणार कुठून? ट्यूनरकडे आधीचा आणि नंतरचा आलेख मागा: एकच डायनो, एकच दिवस, तेच इनटेक तापमान, सोबत ईजीआर पोझिशनचा लॉग (रन चालू असतानाची नोंद). आमच्या धंद्यातल्या मंडळींकडे मी हे नेहमी मागत आलोय. आलेख मिळतो, लॉग कधीच मिळत नाही.

फरक जाणवतो असं सांगणारे मात्र खोटं बोलत नाहीत. बऱ्याचदा त्यांचा व्हॉल्व्ह काजळीमुळे अर्धवट उघडा अडकलेला असतो. तो फुल थ्रॉटललाही गळतो, गरम धूर इनटेकमध्ये शिरतो, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) कमी पडतो, काळा धूर निघतो. अशा गाडीला प्लेट मारली तर गेलेली पॉवर परत येते, नवी येत नाही. दुसरं असं की ईजीआरचा धूर टर्बाइनच्या आधी काढून घेतात. तो रस्ता बंद झाला की सगळा धूर टर्बोतून जातो आणि कमी आरपीएमला पेडल किंचित तल्लख वाटतं. एवढंच.

आता प्लेट मारून आलेल्या एका गाडीबद्दल. तीही लॉराच, प्लेट दुसऱ्या गॅरेजात मारलेली. तक्रार अशी: घाटात मध्येच दम तोडते, आयडलला खडखडते, ब्लोअर लावला की केबिनमध्ये धुराचा वास, आणि डॅशवर एकही लाइट नाही. स्कॅनर लावला तर कोडही नाही. पण लाइव्ह डेटात आयडलला ईसीयूला हवी असलेली हवा तीनशे मिलिग्रॅम प्रति स्ट्रोकच्या आसपास आणि प्रत्यक्ष हवा पावणेपाचशेच्या पुढे. हिशोब सोपा आहे. एका सिलिंडरचं आकारमान साधारण ४९२ सीसी, त्यात पूर्ण ताजी हवा भरली तर सुमारे ५८० मिलिग्रॅम. इनटेकचे अडथळे आणि उष्णता वजा जाता साडेचारशे ते पाचशे उरते. म्हणजे ईजीआरचा थेंबभर धूरही येत नव्हता आणि ईसीयू मात्र तो मागतच होता.

रीमॅप करणाऱ्याने फक्त पी०४०१ (ईजीआरचा धूर कमी पडतोय) हा कोड दिसेनासा केला होता. ईसीयूतला ईजीआरचा कंट्रोलर जिवंतच होता. धूर कमी पडतोय म्हणून तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि तरीही भागेना म्हणून इनटेकचा थ्रॉटल फ्लॅप मिटत आणायचा, कारण फ्लॅप मिटला की इनटेकमध्ये दाब कमी होऊन ईजीआर जास्त ओढला जातो. अर्ध्या पेडलवर चढ चढताना गाडी दम तोडायची ती यामुळे.

केबिनमधला वास प्लेटचा. अॅल्युमिनियमचा पत्रा कापून एक्झॉस्टच्या बाजूला बसवलेला आणि वर आरटीव्ही सिलिकॉन थापलेलं! तिथला धूर फुल लोडला ७०० अंशांच्या घरात जातो. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० ला वितळतं आणि मऊ तर त्याच्या कितीतरी आधीच पडतं. पत्रा वाकला, पॅकिंग गळायला लागलं, काजळी फायरवॉलवर. टर्बोच्या आधीच धूर गळतोय म्हटल्यावर बूस्टही उशिरा येणार.

रेस ट्रॅकवरच्या गाडीला करायचंच असेल तर प्लेट ३०४ स्टेनलेसची, दीड ते दोन मिमी जाड, दोन्ही बाजूंना नवं मेटल गॅस्केट, सिलिकॉन अजिबात नाही. बसवायची एक्झॉस्टकडच्या तोंडावर. इनटेककडे मारली तर पाइप आणि ईजीआरचा कूलर धुराने तापत राहतात आणि आत काजळी दाबून बसते. स्टडना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. या गाडीत ते सगळं इंजिनच्या मागे फायरवॉलकडे आहे, तिथे स्टड तुटला तर दिवस गेला. कूलरच काढून टाकत असाल तर कूलंटचे दोन्ही होस एकमेकांना जोडा, नुसते बूच मारू नका. सॉफ्टवेअरमध्ये ईजीआरच्या मॅपमधली अपेक्षित हवा इतकी वर न्यायची की प्रत्यक्ष हवा तिच्यापुढे कधीच जाणार नाही. मग कंट्रोलर व्हॉल्व्ह आपणहून बंद ठेवतो आणि फ्लॅपही उघडा राहतो. कोड लपवणं हे शेवटचं काम, पहिलं नव्हे. मधे आठ मिमीचं भोक ठेवलेली प्लेटही विकतात. काही जुन्या व्हॅक्यूम व्हॉल्व्हच्या गाड्यांत ती चालून जाते. पुढे ते भोक काजळीने बुजतं आणि लाइट परत येतो.

रस्त्यावरच्या गाडीला माझा सल्ला: व्हॉल्व्ह आणि इनटेक मॅनिफोल्ड काढून साफ करा. कार्ब क्लीनर, नायलॉन ब्रश, वेळ. कॉस्टिकच्या पाण्यात बुडवू नका, ते अॅल्युमिनियम खातं. बसवल्यावर स्कॅनरने ईजीआर अॅडॅप्टेशन करा, म्हणजे व्हॉल्व्हची बंद-उघडी स्थिती ईसीयूला नव्याने शिकवा. काजळी चिकट होते ती क्रँककेसच्या तेलकट वाफेने, तेव्हा ब्रीदरही बघा. थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन कायम थंड चालत असेल तर साफ केलेला व्हॉल्व्ह पुन्हा लवकर भरतो. आणि बाहेर गळती दिसत नसताना कूलंट कमी होत असेल, पांढरा धूर येत असेल, तर कूलर आतून फुटलाय का ते आधी तपासा.

मायलेजचं म्हणाल तर डिझेलमध्ये झालाच तर किरकोळ फायदा. टाकी ते टाकी मोजताना ट्रॅफिकच्या फरकात हरवून जाईल इतका. बदल्यात आयडलची खडखड वाढते, थंड इंजिन तापायला वेळ लागतो. पेट्रोल गाडीत तर उलटंच. क्रूझिंगचं इग्निशन टायमिंग ईजीआर गृहीत धरून पुढे ओढलेलं असतं, ईजीआर बंद केला की इंजिन नॉक करू लागतं.

आणि हो, हे सगळं रस्त्यावर बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "पीयूसी तर पास होते" हा युक्तिवाद माझ्यापुढे करू नका. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजतात, आणि ईजीआर बंद केल्यावर ती कमीच होते. वाढतात ते नायट्रोजन ऑक्साइड, आणि ते तिथे कुणी मोजतच नाही. बीएस-४ डिझेल कारला त्यांची मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम होती, बीएस-६ ला ०.०८. बीएस-६ गाडीला तर हात लावूच नका. डीपीएफमधल्या (एक्झॉस्टमधली काजळी गाळणाऱ्या फिल्टरमधल्या) काजळीचा ईसीयूचा अंदाज चुकतो, आणि नॉक्स सेन्सर असेल तर तो लगेच बोंब मारतो.

तेव्हा आधी लॉग काढा: तिसरा गिअर, १५०० ते ४००० आरपीएम, पेडल पूर्ण दाबून. ईजीआर पोझिशन, हवा आणि बूस्ट, तिन्हींचे अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकडे. व्हॉल्व्ह बंद दिसत असेल आणि हवा-बूस्ट जुळत असेल तर ईजीआरला हात न लावता गाडी घरी घेऊन जा.