अर्थसंकल्प सात लाख कोटींचा, मग शाळेतलं अंडं का बंद?

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट ४८. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. मुलांना आठवड्यातून एकदा अंडं मिळायचं, ते बंद झालं. हेडसर म्हणतात, हवं असेल तर लोकवर्गणी काढा. निम्मं गाव ऊसतोडीला जातं, वर्गणी देणार कोण? त्यात सासूबाईंचे श्रावणबाळ निवृत्तिवेतनाचे महिन्याचे दीड हजार दोन महिने जमा झालेले नाहीत. सरकारकडे एवढे पैसे असतात, मग कात्री आमच्यावरच का?
— एक पालक, बीड जिल्हा

उत्तर : ताई, राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता हे खरं. पण त्यातला मोठा वाटा आधीच बांधलेला असतो. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज ही देणी टाळता येत नाहीत. ओढाताण झाली की उरलेल्यातूनच काढलं जातं, आणि त्या उरलेल्यात तुमच्या मुलांचं अंडं असतं.

शालेय पोषण आहाराचा तांदूळ केंद्राकडून येतो, शिजवण्याचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून घेतात. राज्याने आपले ४० टक्के घातले नाहीत तर केंद्राचे ६० टक्केही अडतात, म्हणून त्याला सहसा हात लावत नाहीत. अंडं मात्र राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतःच्या पैशातून सुरू केलं होतं, एका अंड्याला पाच रुपये धरून. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने तो वेगळा निधी थांबला आणि अंडं लोकसहभागावर सोडलं. हेडसरांना दोष देऊ नका, त्यांच्या हातात फक्त तो कागद आला.

त्या दराने तुमच्या शाळेचा हिशेब आठवड्याला २४० रुपयांचा होतो. बागायती गावात ही रक्कम एखादा शेतकरी वाढदिवसाच्या निमित्ताने देऊन टाकेल. तुमच्या गावात नाही देणार, आणि अंड्याची जास्त गरज तुमच्याच मुलांना आहे. लोकसहभागाला माझा विरोध नाही, पण मुलांचा आहार त्याच्या भरवशावर सोडणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरं, तरतूद झाली म्हणजे पैसा आला असं नसतं. मी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात नोकरी केली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री नऊ-दहाला निधी वितरणाचे आदेश यायचे, सगळा विभाग बिलं करत जागा असायचा, कारण ३१ तारीख उलटली की अखर्चित पैसा परत. शाळेला मिळणाऱ्या संयुक्त अनुदानाचंही पुष्कळदा हेच होतं. तुमच्या पटाच्या शाळेला ते वर्षाला २५ हजार ठरलेलं आहे. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती त्यातूनच करायची. जूनमध्ये लागणारी वस्तू मार्चमध्ये घेऊन उपयोग काय? तेव्हा समितीच्या बैठकीत 'अनुदान मंजूर किती' एवढंच विचारू नका. खात्यावर किती आलं, कोणत्या तारखेला आलं, हे विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

सासूबाईंच्या पैशांसाठी आधी शेजारीपाजारी चौकशी करा. गावात सगळ्यांचेच अडकले असतील तर निधीच आलेला नाही, त्यासाठी तुम्ही एकट्याने हेलपाटे घालू नका, मिळून अर्ज द्या. फक्त त्यांचेच थांबले असतील तर कागदात काहीतरी राहिलंय. आता पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यावर येतात. बँकेत आधार जोडणी झाली आहे का ते बघा आणि हयातीचा दाखला घेऊन तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत जा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. एक सांगायलाच हवं, हे दीड हजार २०२३ पासूनचे आहेत आणि ज्यांना केंद्राची वृद्धापकाळ योजना लागू आहे त्यांच्यासाठी वयाच्या ऐंशीच्या आत केंद्राचा वाटा आजही महिन्याला २०० रुपयेच आहे. वेळेवर जमा झाले तरी महागाईने त्यांचं मोल घटतच चाललंय. तिथे कोणी कात्री लावल्याचं दिसत नाही, म्हणून त्यावर बोलतही कोणी नाही.

राहिलं अंडं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तुमच्या समितीनेच करायचा असतो आणि अनुदानाची आखणी त्यावरून व्हावी असं कायदाच म्हणतो. हेडसरांकडून आराखडा मागवा आणि त्यात आहाराची मागणी लिहा. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा आराखडा २ ऑक्टोबरपासूनच्या ग्रामसभांत ठरतो, तिथे हाच ठराव मांडा. मार्चमध्ये अर्थसंकल्पाच्या बातम्या ऐकून धावपळ केली तर उशीर झालेला असतो. आमदारांना पत्र द्यायचं तर पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनाच्या महिनाभर आधी द्या, पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा निधी, तेव्हाही येतात. पत्राला पटाची यादी आणि समितीचा ठराव जोडा, सह्या जमतील तेवढ्या आयांच्या घ्या.