श्रावण पाळतात म्हणजे व्यसन नाही, हे गणित मीपण मांडायचो

ताई, तुमचं सगळं दोनदा वाचलं. मिस्टर अंबडला कंपनीत, ड्युटी एक दिवस चुकवत नाहीत, पगार घरात आणून देतात, शिवीगाळ मारहाण काही नाही, पण रोज संध्याकाळी क्वार्टर आणि शनिवार-रविवार दुप्पट, आणि विषय काढला की एकच उत्तर, "मी दरवर्षी अख्खा श्रावण पाळतो, व्यसन असतं तर जमलं असतं का?" तुम्ही विचारताय की याला व्यसन म्हणायचं का, डॉक्टरकडे नेमकं कधी जायचं, आणि जाऊबाईंनी सांगितलेली चहात टाकायची पावडर द्यावी का.

पावडरीचं आधी सांगतो कारण ते आजच थांबवायला पाहिजे. नका देऊ. "न सांगता दारू सोडवा" वाल्या पुड्यांमध्ये काय असतं ते देणाऱ्यालापण माहीत नसतं, आणि डायसल्फिरम असेल तर अजूनच वाईट. ते खरं औषध आहे, डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, तपासण्या करून आणि दारू बंद असतानाच. ते शरीरात दारूचं पचन अर्ध्यावर अडवतं, त्यामुळे वरून प्यायलं की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. माणूस दगावूही शकतो. आणि ज्याला माहीतच नाही की पोटात गोळी आहे तो पिणारच ना, आणि नंतर कळलं की बायकोच्या हातचा चहापण घेणार नाही.

आता श्रावण. मी नाशिकरोडला राहतो, सातपूरला नोकरी होती, दारू बंद करून नऊ वर्षं झाली. त्याच्याआधी मी सात श्रावण पाळलेत, कडक, मटण नाही अंडं नाही. त्यामुळे तुमच्या मिस्टरांचं वाक्य वाचून हसू आलं आणि पोटात कालवलं पण. श्रावण पाळणं खोटं नाही, जिद्द लागतेच त्याला. पण त्यातून एवढंच कळतं की सुटायची तारीख माहीत असली तर माणूस थांबू शकतो. मला पोळा कधी आहे ते मेमध्येच पाठ असायचं! तो महिनाभर मी पीत नव्हतो पण डोक्यात दुसरं काही नव्हतं, पोरांवर खेकसायचो, रात्री तीनला जागा, आणि पोळ्याच्या संध्याकाळी पहिला पेग "फक्त दोनच" म्हणून भरला की आठ दिवसांत गाडी जुन्या मापावर. तुम्ही महिना बघू नका. सुरुवातीचे तीन-चार दिवस बघा आणि सुटल्यानंतरचा आठवडा बघा, जे काय आहे ते तिथे दिसतं.

हे होतं कसं ते मला जसं समजावलं तसं सांगतो. मेंदूला एक ब्रेक आहे आणि एक अ‍ॅक्सिलरेटर, नावं गाबा आणि ग्लुटामेट, दोघं मिळून गाडी सांभाळतात. दारू ब्रेकवर पाय ठेवते म्हणून सुरुवातीला बरं वाटतं, शिफ्टचा ताण उतरतो. पण हे रोजच व्हायला लागलं की मेंदू गप्प बसत नाही, तोल राखायला तो ब्रेक घासून ढिला करतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतो. म्हणून आधी दोन पेगमध्ये जी किक यायची त्याला आता क्वार्टर लागते आणि आपण मित्रांत कॉलर टाइट करून सांगतो, "आपल्याला पचते." पचते हा आजाराचा पहिला हप्ता आहे ताई, ताकद नाही. आणि मग एक दिवस दारू अचानक काढून घेतली तर राहतो फक्त दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे कसारा घाट ब्रेकशिवाय उतरायचा. हात थरथरणं, घाम, झोप गायब, आणि पुढे फिट.

दुसरं डोपामिनचं, म्हणजे मेंदूतलं ओढ लावणारं रसायन. त्याला पिण्यापेक्षा पिण्याची चाहूल जास्त आवडते. मला वास नको, ग्लास नको, पाच वाजले की बरं वाटायला लागायचं, आणि पाथर्डी फाट्याकडे काही काम नसताना गाडी तिकडे वळायची कारण ठरलेलं दुकान तिकडे. त्याला हौस म्हणत नाहीत, सवयीने रस्ता पाडलेला असतो. सगळ्यांचा पडत नाही हेही खरं, माझ्यासोबत बसणारे तिघं आजही महिन्यातून एकदा घेतात आणि विसरून जातात. घरात वडिलांना असेल, लहान वयात सुरू केली असेल, मनात काही जुनं दुखणं, डिप्रेशन असेल तर धोका जास्त, पण यातलं काहीच नसलेलेही मी दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगमध्ये पाहिलेत.

आकडा बघायचा तर १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्याने साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. दहा ग्रॅमचं एक युनिट धरलं तर रोजचे सहा, शनिवारी बारा. हे "थोडीशी" मध्ये बसत नाही, ड्युटी चुकली नाही तरी. कंपनीत हजेरी लागते ती लिव्हरची नाही लागत.

डॉक्टर व्यसन ठरवताना दारुडा दिसतो का ते बघतच नाहीत. ते विचारतात की तलप येते का, ठरवलेल्या मापावर थांबता येतं का, न घेतल्यावर शरीर त्रास देतं का, पूर्वीपेक्षा जास्त लागते का, बाकीच्या गोष्टी सुटत चालल्यात का, आणि नुकसान दिसत असूनही चालू आहे का. वर्षभरात यातल्या तीन जरी लागू झाल्या तरी ते अवलंबित्व धरतात. तुम्ही लिहिलंय की बहिणीच्या लग्नात ते हळदीला थांबलेच नाहीत आणि सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. तुम्ही ते सहज लिहून गेलात पण मी त्या कपापाशीच थांबलो. हे माझं मत आहे, निदान नाही, पण माझ्या मते तुमची वेळ आलेली आहे. रस्त्यावर पडेपर्यंत थांबायचं ही आपल्याकडची पद्धत आहे आणि त्यामुळेच, एम्सचा २०१९ चा देशभराचा सर्व्हे आहे त्यात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे फक्त एकाला काहीतरी उपचार मिळाले होते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. माझा सातवा श्रावण. गटारीला दुपारपासून बसलो होतो, दुसऱ्या दिवशी एकदम बंद. रात्री घामाने गादी भिजली, तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमच्या दारात फिट आली, जीभ चावली गेली. जवळच्या एका डॉक्टरने अशक्तपणा म्हणून सलाइन लावून घरी पाठवलं, पितो किती हे विचारलं नाही आणि आम्ही लाजेने सांगितलं नाही. तिसऱ्या रात्री मला फ्रिजमागे सुपरवायझर उभा दिसत होता आणि मी त्याच्याशी भांडत होतो. तेव्हा कुठे भावाने सिव्हिलला नेलं. नंतर कळलं की शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो, आणि उपचार नसतील तर त्यात माणूस जातो. सलाइनमधल्या ग्लुकोजच्या आधी बी-१ म्हणजे थायमिन द्यावं लागतं नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते, हेपण तेव्हाच शिकलो. म्हणून रोज पिणाऱ्याला "उद्यापासून बंद कर" अशी शपथ घरी घालू नका, देवासमोर तर नकोच. बंद करायची ती डॉक्टरच्या गोळ्यांखाली, आणि त्या गोळ्या डॉक्टर पाच-सात दिवसांत उतरवत आणतात. फिट, भ्रम, खूप ताप, असंबद्ध बोलणं यातलं काही दिसलं तर रात्र असो की दिवस, सरळ कॅज्युअल्टी.

ते येणार नाहीत म्हणालात. मग तुम्ही एकट्या जा. खरंच. त्र्यंबक नाक्याच्या सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, घरच्यांनी विचारायला गेलं तर चालतं. फोनवर बोलायचं तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे आणि मानसिक आरोग्याची टेली मानस १४४१६, दोन्ही फुकट. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथे घरच्यांसोबतही काम होतं. नाशकात एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मिटिंगा मराठीत होतात, घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं. एएचं मूळ गंमतीशीर आहे, १९३५ ला अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात शेअर बाजारातला एक पिणारा आणि एक पिणारा सर्जन बोलत बसले त्यातून ते निघालं, आणि अजूनही तेच चालतं, डॉक्टरचं न ऐकणारा माणूस दुसऱ्या पिणाऱ्याचं ऐकतो. मी पाच महिन्यांनी एकदा घसरलो होतो, मिटिंगला परत जायला लाज वाटत होती, कोणी काही विचारलं नाही, चहा दिला.

घरून उचलून नेणाऱ्या केंद्रांपासून मात्र सांभाळा. नोंदणी आहे का, डॉक्टर नियमित येतात का, घरच्यांना भेटू देतात का, एवढं विचारा. तिसऱ्याला आढेवेढे घेतले की उठून या.

त्यांच्याशी बोलायचं तर सकाळी, प्यायच्या आधी, जाऊबाई सासूबाई कोणी नको. "तुम्ही व्यसनी आहात" म्हणू नका, कपाचं बोला. हात थरथरतो तो दाखवून घेऊ म्हणा, कारण लिव्हरच्या तपासणीला माणूस तयार होतो, व्यसनमुक्तीला होत नाही. मीपण तसाच गेलो होतो.

गटारीला तीन आठवडे आहेत. त्याच्या आत ओपीडीला जा, कारण यंदाही ते दुसऱ्या दिवशी एकदम बंद करतील. किती पितात, किती वर्षं, कधी फिट आली का, बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत हे कागदावर लिहून न्या, आणि केसपेपरला नऊच्या आत पोचा, नंतर रांग वाढते.