होस्टिंगवर ठेवलेला एमपी४ व्हिडिओ पूर्ण उतरल्याशिवाय सुरू का होत नाही?

बहुतेक वेळा याचे कारण असे असते की व्हिडिओ कुठे आणि कसा वाचायचा याची सूची, जिला ‘मूव्ह’ म्हणतात, फाइलच्या शेवटी लिहिलेली असते, आणि ती हाती येईपर्यंत ब्राउझरला पहिले दृश्यही दाखवता येत नाही. एमपी४ची रचनाच तशी आहे: चित्रीकरण संपेपर्यंत सूची पूर्ण होत नाही, म्हणून अनेक साधने ती शेवटी जोडतात. एफएफएमपेग या व्हिडिओ-रूपांतराच्या मोफत साधनामध्ये ‘फास्टस्टार्ट’ पर्याय देऊन, पुन्हा एन्कोड न करता (म्हणजे चित्र नव्याने न बनवता), ती सुरुवातीला आणता येते. चित्राचा दर्जा अजिबात बदलत नाही. सर्व्हर फाइलचा मागितलेला तुकडाच देतो का, म्हणजे अशा मागणीला २०० (पूर्ण फाइल) ऐवजी २०६ (फाइलचा भाग) हा प्रतिसाद येतो का, हेही ब्राउझरच्या नेटवर्क पॅनलमध्ये पाहावे, कारण सफारी त्यावाचून व्हिडिओ वाजवायलाच नकार देते. मात्र प्रेक्षकाचे इंटरनेट व्हिडिओच्या बिटरेटपेक्षा, म्हणजे त्याला दर सेकंदाला लागणाऱ्या डेटापेक्षा, मंद असेल, तर या दोन्ही उपायांनी अडखळणे थांबणार नाही. तेथे वेगानुसार दर्जा बदलणारे एचएलएस हे प्रसारण-तंत्र लागेल.