दोन माद्यांची जुंपली तर

वहिनी, एका घरातल्या कुत्र्यांच्या माद्यांची भांडणं बऱ्याचदा नरांपेक्षा चिवट असतात. ‘त्यांचं त्या बघून घेतील’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. जुंपली की मध्ये हात घालायचा नाही, पट्टा धरायलाही नाही. बादलीभर पाणी ओता, जाड घोंगडं टाका. माणसाला चावा बसलाच तर जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.

तुमच्या खानापूरकडच्या घरांना पुढं सोपा आणि मागं परसू दोन्ही असतात, हे बरंय. एकीला पुढं ठेवा, दुसरीला मागं, मधलं दार बंद. जेवण वेगळं. रविवारी मटणाचं हाडूक दोघींसमोर टाकणारे पाहुणे मात्र आवरा!

शांत मादी अचानक गुरगुरायला लागली तर आधी दात, कान, सांधे तपासून घ्या. दुखणं असू शकतं. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते. भांडणं त्याच दिवसांत होत असतील तर नसबंदीनं फरक पडेल, एरवी नसबंदीवर फार भिस्त नको.

परत जवळ आणताना घाई नको. दोघींना साखळी, दोन माणसं, आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर अंतर ठेवून एकाच दिशेनं चालवा. टक लावून बघायला लागल्या की अंतर वाढवा.